मागल्या चाकांची खांदमळणी

औंधच्या यमाईपुढं उभी राहिले की मी सगळं सांगून टाकते. जावेशी धरलेला अबोला सांगते, उपासाच्या दिवशी विसरून तोंडात टाकलेली चकली सांगते, डेअरीत घालायच्या दुधात एकदा — एकदाच — तांब्याभर पाणी गेलं, तेही सांगून झालं आहे. ही एक गोष्ट मात्र मी तिथंही गाळते. डोळे मिटलेले असतात, ओठ हलत असतात, आणि ती गोष्ट जिभेवर आली की मी घाईनं नारळ पुढं करते.

पाच बेंदूर, म्हणजे बैलांचे पाच सण, झाले या गोष्टीला. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला नाही, देवीला नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसापुढं माझं तोंड उघडत नाही. हळदीकुंकवाला गेले तर नाव घ्यायची पाळी यायच्या आधी मी पाणी प्यायला उठते.

शिक्षण माझं चौथी. माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढं. तिथं शाळा चौथीपर्यंत होती, आणि पाचवीची शाळा लांब, मेंढरं जवळ. लग्न होऊन वाळवा तालुक्यात आले, कृष्णेच्या काठाला. इथं बघाल तिकडं ऊस. बोलता येत नसलं तरी लिहायला मला आवडतं. माझी एकुलती एक लेक वैशाली, तिच्या कॉलेजच्या वह्या अर्ध्या कोऱ्या पडल्या आहेत. पुढून तिची गणितं, मागून माझं लिखाण. वही उलटी धरली की माझी होते.

तर गोष्ट आहे गाडीची. हसू नका — चौथी शिकलेली बाई आणि गोष्ट सांगते आहे स्पोर्ट्स कारची.

वैशाली पुण्यात नोकरीला आहे. तिनं तिथं एक जुनी गाडी घेतली. दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली, रंग पिकल्या लिंबासारखा. आवाज असा की आमच्या म्हशीनं त्या दिवशी धार चोरली. बेंदराच्या आदल्या दिवशी दुपारी ती गाडी घेऊन आली आणि अर्धं गाव अंगणात जमलं. शेजारचे बापू गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "वैशे, ही निम्मीच दिसतीया. उरलेली कवा येणार?"

आता आमच्या मालकांचं सांगायला हवं. मालक म्हणजे माझे यजमान; गाव त्यांना आप्पा म्हणतं. सव्वीस वर्षं ते फौजेत ड्रायव्हर होते. बर्फातून, डोंगरातून मोठमोठे ट्रक चालवले. त्यांचं एक वाक्य आमच्या घरात रोजच्या भाकरीसारखं होतं — "सव्वीस वर्षं. एक वरखडा न्हाई." जेवताना म्हणायचे, दाढी करताना म्हणायचे, कुणाच्या मयताला गेले तर तिथंही कुठून तरी ते निघायचं. पेन्शनीत आल्यावर गावात एक पद्धतच पडून गेली. कुणीही नवीन गाडी घेतली — ट्रॅक्टर असो, जीप असो, नाहीतर फटफटी — की पूजा झाल्यावर अंगणातून ती पहिल्यांदा आप्पांनी काढायची. आप्पांचा हात लागला की गाडीला वरखडा येत नाही, असं माणसं म्हणायची. बोलावणं आलं की मालक इस्त्रीची टोपी काढायचे. लग्नाला जाताना सुद्धा एवढी कडक टोपी मी त्यांच्या डोक्यावर बघितली नाही.

त्या दुपारी माणसं पांगल्यावर वैशालीनं हळूच कबूल केलं, "आप्पा, कराडच्या पुढं रस्ता ओला होता. वळणात गाडीचं मागचं अंग हलल्यासारखं झालं. मी घाबरले."

मालकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पेन्शनीत आल्यापासून असलं काही त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सोप्यात मी उद्याच्या पुरणाची डाळ निवडत बसले होते. शेजारी परात होती. त्यांनी परात उचलली, छातीपुढं धरली — ते झालं स्टेअरिंग.

"हे बघ. साधी गाडी पुढल्या चाकांनी ओढती. ही मागनं ढकलती. सगळा जोर मागल्या चाकांत. ओल्यात, वळणात तू पाय दाबलास की ती चाकं म्हणणार, आमी चाललो पुढं. मग गाडी गिरकी घेती."

"मग काय करायचं?"

"येग कमी करायचा तो वळणाच्या आधी. आत शिरल्यावर न्हाई. आणि पाय कसा, तर तान्ह्या लेकराला थोपटतो तसा. दाबताना हळू, उचलताना बी हळू. घाबरून एकदम उचललास तरी मागचं घसरतं."

"आणि घसरलीच तर?"

"शेपूट जिकडं पळंल तिकडं स्टेअरिंग फिरवायचं. ब्रेक दाबून धरायचा न्हाई, डोळं मिटायचं न्हाई. जिकडं जायाचं हाय तिकडं बघायचं." त्यांनी परात गर्रकन फिरवली. परातीतलं उरलेलं पीठ त्यांच्या शर्टावर, वैशालीच्या केसांवर. ती हसत होती, पण मोबाइलवर सगळं लिहूनही घेत होती. नव्या गाड्यांना चाक घसरू नये म्हणून आतच काहीतरी यंत्र असतं म्हणे. हिची गाडी जुनी, हिला तसलं काही नव्हतं. म्हणून मालक पुन्हा पुन्हा सांगत होते. आणि शेवटी म्हणाले, "थोडक्यात काय, तर मागल्या चाकांना जपायचं. ती जपलीस की गाडी तुझी."

जपायचं. हा एक शब्द माझ्या कानात बसला.

ते म्हणाले जपून राहा, या अर्थानं. आता मला कळतं. पण माझ्या हाताला जपणं म्हणजे काय माहीत आहे? बाळंतिणीला जपतात. वासराला जपतात. जपायचं म्हणजे जवळ जायचं, हात फिरवायचा, तेल लावायचं.

आणि दिवस कोणता? बेंदराचा आदला. तुमच्याकडं बैल नसतील तर सांगते — बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा आणि तेल-हळद लावून मळायचा. माहेरी ते काम माझं होतं. वडील म्हणायचे, हिचा हात लागला की बैल डोळे मिटतो. सासरी आले तेव्हा इथंही दोन बैल होते, खंड्या आणि पाखऱ्या. ते गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला हार घालतात, गंध लावतात. पण त्याला खांदा कुठं असतो? दर बेंदराच्या आदल्या संध्याकाळी माझे हात नुसते शिवशिवायचे.

आणि त्या दिवशी माझ्या अंगणात एक नवीन जनावर येऊन उभं होतं. पुण्यापासून माझ्या लेकीला मागनं ढकलत आलेलं. सगळा जोर मागल्या चाकांत, असं मालकांनीच सांगितलेलं. मग खांदा कुठला झाला, सांगा बघू?

दिवेलागणीला बापलेक बापूंच्या घरी चहाला गेले. मी वाटीत घरचं शेंगतेल घेतलं, थोडं कोमट केलं, चिमूटभर हळद टाकली, आणि पदर खोचून गाडीच्या मागं जाऊन बसले.

अहो, मनापासून मळलं मी. दोन्ही चाकं, हात पोचेल तिथवर. बाजूंनी मळलं, वरून मळलं, नक्षीच्या खाचांतून बोट फिरवलं. बैलाचा खांदा तेल पितो. रबर पीत नाही हे मला कोण सांगणार? मला वाटलं, दमलं आहे, सावकाश पिईल. आणखी अर्धी वाटी आणून वरून घातली. मग वाटलं, पुढच्या चाकांना राग येईल, म्हणून त्यांना एकेक बोट टेकवलं. उठताना गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरीला नीट ने."

हे मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा लपवायचं नव्हतं काही — फक्त लाज. गाडीची खांदमळणी केली म्हटल्यावर वैशाली हसली असती आणि मोबाइलवर सगळ्या पुण्याला कळवलं असतं. एवढंच.

सकाळी पूजा. वैशालीनं चारी चाकांना हळदकुंकू लावलं, म्हणून माझी हळद कुणाच्या डोळ्यांत आली नाही. चाकांखाली चार लिंबं ठेवली. नारळ फुटला. मग ती म्हणाली, "आप्पा, पहिल्यांदा तुमीच काढायची."

मालक ती इस्त्रीची टोपी घालून तयारच होते. गाडी एवढी बुटकी की आत बसताना टोपी काढून मांडीवर ठेवायला लागली. गुडघे छातीला. बापू म्हणाले, "आप्पा, बसलाय का आंगुळ करताय?" सगळे हसले, मालकही हसले.

आमचं अंगण कोब्याचं, गुळगुळीत. पहाटे धुतलेलं, ओलं. अंगणाच्या दाराकडं थोडा उतार. दाराबाहेर गल्ली, आणि गल्लीपलीकडं समोर बापूंचा उकिरडा. मी दारातच एका बाजूला उभी होते, हातात आरतीचं ताट.

लिंबं फुटली. गाडी हळू पुढं आली — किती हळू, ते मी बघितलं आहे. दारातून उजवीकडं वळायला त्यांनी स्टेअरिंग फिरवलं आणि मागचं अंग कुणी लाथ मारल्यासारखं डावीकडं गेलं. मालकांनी परातीवर शिकवलं होतं, अगदी तेच केलं. शेपूट पळालं तिकडं स्टेअरिंग. डोळे उघडे. ब्रेकवर उभे राहिले नाहीत. पण तेलाला काय शिकवणार? गाडीनं गल्लीत एक गिरकी घेतली, तोंड आमच्याकडं केलं, आणि उतारानं मागं मागं जात बापूंच्या उकिरड्यात जाऊन बसली. पाटावर जेवायला बसावी तशी. कुणाला लागलं नाही. एक कोंबडी तेवढी उडून पत्र्यावर गेली. उकिरड्याच्या कडेच्या दगडानं गाडीच्या दाराखाली वीतभर वरखडा काढला.

बापू म्हणाले, "आप्पा, सव्वीस वर्षं जपलंत आणि शेवटी माझ्या उकिरड्यात आणून मुरवलंत व्हय?"

आणि असं हसणं सुटलं, काय सांगू. मला अजून ते आठवलं की हसू येतं, खोटं कशाला सांगू. मालक बाहेर आले, धोतराला शेण, हातात टोपी. त्यांनी माझ्याकडं बघून एक गोष्ट विचारली. आणि मी उत्तर दिलं.

ते उत्तर मी पुढं सांगते. आता हात थांबतो आहे. आधी बशीरभाईंचं सांगते.

बशीरभाई आष्ट्याचे मिस्त्री, मालकांचे जुने दोस्त. दर बेंदराला आमच्याकडं पुरणपोळीला येतात. तोवर वैशालीनं गाडी साबण लावून धुतली होती. मालकांनी बशीरभाईंना जेवूच दिलं नाही, आधी गाडीखाली घातलं.

"तेल गळत असणार, बशीर. चाक घसरलं ते उगंच न्हाई घसरलं. मी पाय दाबलाच न्हाई."

"एक थेंब गळत न्हाई, आप्पा."

"ब्रेककडं बघ."

"बघितलं."

"पुन्हा एकदा बघ की."

तीन वेळा बघायला लावलं. मी चौकटीला धरून उभी होते. मालक वाकून वाकून गाडीखाली बघत होते — हरवलेलं जनावर शोधतात तसे. कुठंतरी एक थेंब दिसावा. एक थेंब दिसला असता तर सव्वीस वर्षं परत मिळाली असती त्यांना.

मग बशीरभाईंनी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं. साबण तिथवर पोचला नव्हता. बोट नाकाजवळ नेलं. पुन्हा नेलं. माझ्याकडं बघितलं.

"वैनी, भजी तळताय व्हय?"

सांगा, याहून सोपं दार देवानं कुणाला उघडून दिलं असतं? नुसतं म्हणायचं होतं — नाही बशीरभाई, तो वास माझ्या हाताचा आहे. आणि मी काय म्हणाले? "व्हय. बसा, गरम वाढते."

घरात त्या दिवशी भज्यांचा पत्ता नव्हता. मी आत पळाले, कांदे चिरले, बेसन शोधलं, कढई टाकली. घाईत मीठ दोनदा पडलं. बशीरभाईंनी सहा भजी खाल्ली आणि म्हणाले, असली भजी आष्ट्यात मिळत न्हाईत. मालकांनी एकही खाल्लं नाही.

जेवणं झाल्यावर बशीरभाई हात पुसत म्हणाले, "गाडीत काय दोष न्हाई, आप्पा." बोलायला ते बिचारे चांगलंच बोलले. पण गाडीत दोष नाही म्हटल्यावर मग दोष कुणात राहिला?

पुढच्या महिन्यात खालच्या आळीत नवा ट्रॅक्टर आला. बोलवायला माणूस आला. मालक म्हणाले, "आता माझ्या हाताचं काय खरं न्हाई. तुमीच काढा." टोपी खुंटीवर राहिली. आमची घरची जीप पुतण्याकडं गेली. लायसन त्यांनी फौजेच्या ट्रंकेत, मेडलांच्या डब्यात ठेवलं. पाच वर्षांत त्यांनी कशाचंही स्टेअरिंग धरलेलं नाही. परात सोडून.

परात मात्र सुटली नाही. वैशाली गाडी घेऊन आली की गावातली, शेजारगावातली माणसं बघायला येतात. नवीन गाडी घेतलेला कुणी असला की मालक त्याला सोप्यात बसवतात, मला हाक मारतात, "परात आण गं." मग सगळं पहिल्यापासून. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलकट थर असतो, तेव्हा सावकाश. चाकातली हवा आठवड्याला बघायची. वळणाच्या आधी वेग कमी. पाय थोपटल्यासारखा. ऐकणारे मन लावून ऐकतात, कारण सांगणारा सोपं सांगतो. वैशाली तर आता अशी चालवते की बाजूला बसून मी शेंगा सोलू शकते, एक टरफल सांडत नाही. ती सगळ्यांना सांगते, आप्पांमुळं जमलं.

आणि शेवटी — दर वेळी शेवटी — मालक परात खाली ठेवून म्हणतात, "आणि एक ध्येनात ठेवा. घमेंड करू नका. मी केली. सव्वीस वर्षं सव्वीस वर्षं म्हणत बसलो, पाय कवा जड झाला कळलंच न्हाई. सगळ्या गावादेखत उकिरड्यात बसलो. चूक माझी हुती."

हसत सांगतात ते. लाजत नाहीत, लपवत नाहीत. जी चूक त्यांनी कधी केली नाही, ती ते दारात येईल त्याला मोकळ्या मनानं सांगतात. आणि जिनं केली ती आत चहाला साखर घालत असते. एकदा तीन वेळा साखर घातली, कुणी काही बोललं नाही. पाहुणे असतात ते.

आता ते उत्तर.

तेल लावलं त्याचं मला काही वाटत नाही, हे तुम्हाला कळलं असेलच. ते प्रेमानं लावलं. कळलं नाही म्हणून लावलं. उकिरड्यातून बाहेर आल्यावर मालक जर मला ओरडले असते, तर मी कदाचित रडून सगळं सांगितलंही असतं. पण ते ओरडले नाहीत. शेण लागलेलं धोतर झटकत ते माझ्यापाशी आले आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तू दारातच हुतीस. माझा पाय हळू हुता का न्हाई? तू सांग."

गल्लीत पंधरा-वीस माणसं होती आणि त्यांनी विचारलं कुणाला, तर मला. जिला चार माणसांत नाव घेता येत नाही, तिला साक्षीला बोलावलं. कारण त्यांना वाटलं, ही खरं सांगेल.

आणि मला तेव्हा कळलेलं होतं. मी कोब्याकडं बघितलं होतं. दारापाशी, गाडी फिरली तिथं, ओल्या कोब्यावर तेलाचा पट्टा चमकत होता — पिवळा, निळा, मोरपिसासारखा. मला माझी वाटी आठवली. पायाखालून जमीन सरकली म्हणतात, ती मी बघितली.

मी त्या पट्ट्यावर पाय ठेवला. पुसला. आणि म्हणाले, "वय झालं की आता तुमचं. पाय कुठं पहिल्यासारखा ऱ्हातोय?"

सगळे हसले. बापू तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "वैनी बोलली गड्या. वैनी बोलली." आणि मालक — त्यांनी मान हलवली. "हिनं सांगितलं म्हंजे खरंच असणार," असं म्हणून टोपी घडी करून खिशात घातली. घडी. त्या इस्त्रीच्या टोपीची.

थांबा, अजून आहे. इथं थांबले तर तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, लाजाळू बाई, लोक हसतील म्हणून बोलली. तसं लिहून ही वही मिटता आली असती. पण तसं नव्हतं ते.

मला आवडलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी चार माणसांत बोलले होते आणि माणसं हसली होती, माझ्यावर नाही, माझ्या बोलण्यावर. ताट हातात धरून मी दारात उभी होते आणि गालावर ऊन आल्यासारखं वाटत होतं. बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होत्या. समोर माझा नवरा टोपीची घडी करत होता, आणि मी — मी आणखी एखादं असलं वाक्य सुचतंय का बघत होते. सुचलं नाही, हे त्यांचं नशीब.

हे आहे ते. तेल नव्हे. भजी नव्हेत.

आता आम्ही औंधला एसटीनं जातो. पूर्वी जीपनं जायचो, मालक चालवायचे, मी मागनं केळी सोलून द्यायची. आता ते खिडकीला बसतात आणि मी त्यांच्या शेजारी. गेल्या खेपेला केळ्याची पिशवी पायाशी ठेवायला मी वाकले आणि माझं लक्ष त्यांच्या उजव्या पायाकडं गेलं. वहाण काढलेली होती. वळण जवळ आलं तसा तो पाय हळूच वर आला, सरकला आणि एसटीच्या पत्र्यावर अलगद टेकला. थोपटल्यासारखा. त्यानंतर, श्वास घ्यावा एवढ्या वेळानं, ड्रायव्हरनं ब्रेक लावला. पुढच्या वळणाला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्यालाही. ते खिडकीतून बाहेर ज्वारी बघत होते, कुणाच्या तरी बैलांचं काहीतरी सांगत होते. पायाचं त्यांना माहीतच नव्हतं.

औंध येईपर्यंत मी मोजत होते. एकदाही चुकला नाही. पिशवी सारखी करत मी तशीच वाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "काय पडलं गं?"

मी म्हणाले, "काय न्हाई."